न रंगवलेलं दुपटं

आमच्या घरी पांढरी कोंबडी टिकत नाही. तिला कोल्हा नेत नाही की रोग लागत नाही, माझी ताई तिची परस्पर वाट लावते. मी दुकानावर गेले की ती कोंबडी शेजारच्या गावात कुणाच्या तरी खुराड्यात जाऊन पडते, आणि तिच्या बदल्यात एखादी काळी नाहीतर मळकट तांबडी कोंबडी आमच्या अंगणात उकरत बसलेली असते.

"ताई, पांढरी कुठे गेली?"

"अंडी कमी द्यायची ती."

"ते अजून पिल्लू होतं, ताई."

"मग? पुढे कमीच दिली असती."

ताईचं नाव बुआचन. माझ्याहून ती नऊ-दहा वर्षांनी मोठी. मी अंगावर पिणारी असताना आमची आई गेली, आणि तेव्हापासून ताईनेच मला पाठीला बांधून वाढवलं. तिने लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणते, "ही एवढी एक संपली की बघू." मला आता नातवंडं आहेत, तरी मी अजून संपलेली नाही.

तिची दुसरी तऱ्हा म्हणजे चूल. उजाडायच्या आत तिचा दिवसभराचा चिकट भात शिजून करंडीत भरलेला असतो. दिवसा आमच्या घरातून धूर निघालेला तिला खपत नाही. माझा नवरा सोमलित दुपारी कधी मासा भाजायला बसला की ताई हातात पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्या मागे उभी राहते. बिचाऱ्याने आयुष्यभर दुपारचा मासा अर्धा कच्चाच खाल्ला आहे.

आणि तिसरी तऱ्हा दोऱ्याची. आमच्याकडे लग्न असो, बारसं असो, कुणी परगावी निघालेलं असो, मनगटाला पांढरा सुती दोरा बांधून आशीर्वाद देतात. ताई दोरा बांधते, पण तिचा दोरा निळीच्या रांजणात बुडवून काढलेला, काळपट निळा. माझ्या लग्नात माझ्या दोन्ही मनगटांवर पांढऱ्या दोऱ्यांची नुसती गर्दी झाली होती आणि त्यांत एकच निळा. सासूबाईंनी तोंड वाकडं केलं होतं. मी तो एकच दोरा झिजून तुटेपर्यंत ठेवला.

तसं पाहिलं तर आमच्या शिएंगखुआंग प्रांतात त्या पिढीची सगळीच माणसं थोडी अशी आहेत. लढाईच्या दिवसांत गाव गुहेत राहायचं, भात अंधारात लावायचं. धूर दिसला की विमान यायचं, पांढरं दिसलं की विमान यायचं, असं सगळे मानायचे. म्हणून पांढऱ्या कोंबड्या मारून टाकल्या, पांढऱ्या बैलाला चिखल फासला, कपडे निळीत आणि गाळात बुडवून काळे केले. लढाई संपल्यावर बाकीच्यांनी हळूहळू सोडून दिलं. ताईने सोडलं नाही.

लढाई तरी कसली म्हणायची. मोठमोठ्या देशांनी कुठेतरी दूर टेबलाशी बसून लिहून दिलं होतं की हा छोटा देश कुणाच्याच बाजूचा नाही, इथे कुणी आपलं सैन्य आणायचं नाही. सह्या झाल्या, हात मिळवले. मग एक जण जंगलातून आला आणि दुसरा आभाळातून. विचारलं तर दोघेही म्हणणार, आम्ही? छे, आम्ही कुठे! जंगलातून आले ते निदान भात मागायला तरी दिसायचे. आभाळातून आले ते नऊ वर्षं येत राहिले आणि त्यांच्याच देशातल्या माणसांना त्याचा पत्ता नव्हता. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. आमच्या बाबतीत तिसऱ्याचं घरदार गेलं. आमचे वडील ओझी वाहायला म्हणून नेले गेले, ते कुणी नेले हेसुद्धा नक्की माहीत नाही.

बसथांब्याजवळ माझं छोटंसं दुकान आहे, रश्शातल्या तांदळाच्या शेवयांचं. तिथे एकदा एक अमेरिकन बाई, माझ्या वयाची, वाडग्यावर वाकून रडायला लागली. आम्हाला माहीतच नव्हतं हो, म्हणाली. मी म्हटलं, बाई, आम्हालाही नव्हतं माहीत, खा आता, गार होतंय. चांगली होती ती. रस्सा सगळा प्यायली.

तर मागच्या हिवाळ्यात आमच्या खोऱ्यात बॉम्ब साफ करणारं पथक आलं. पेरूएवढे लोखंडी गोळे, आम्ही त्यांना बोंबी म्हणतो, अजून शेताशेतांत पडलेले आहेत. पथकातल्या पोरी यंत्र फिरवत एकेक हात जमीन तपासतात, गोळा सापडला की लाल खुंटी रोवतात, आणि आठवड्यातून एकदा सगळे गोळे जागच्या जागी उडवून देतात. आधी भोंग्यावरून सांगतात, घाबरू नका, आता आवाज होईल. ताईनेही ऐकलं होतं. "होऊ दे की," असं म्हणून ती लसूण सोलत बसली होती.

आवाज झाला. लसूण तिथेच राहिला आणि ताई धान्याच्या कोठाराखाली जाऊन बसली. संध्याकाळी मी तिला हाताला धरून बाहेर काढलं, ती मुकाट्याने आली. पण त्या दिवसापासून तिचं जेवण तुटलं. भाताचा गोळा हातात घ्यायची, बोटांनी वळत राहायची आणि परत करंडीत ठेवायची. आधीच अंगाने काडी, महिन्याभरात तिच्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस, सगळं तपासलं, काही निघालं नाही. भूक लागायच्या गोळ्या दिल्या. गोळ्या ती न चुकता घ्यायची, फक्त जेवायची नाही.

शेवटी मी ओनकाकांना बोलावलं. ओनकाका तरुणपणी विहारात भिक्खू होते, मग चीवर सोडून संसार केला, आणि आता आमच्या गावातले ख्वान तेच परत बोलावतात. माणसाच्या अंगात बत्तीस ख्वान असतात, जीवाचे बत्तीस सोबती म्हणा. दचकलं, पडलं, रडलं की त्यांतला एखादा अंगातून उडतो आणि जिथे दचकला तिथेच बसून राहतो. मग माणूस झिजत जातो. घरच्यांनी त्या जागी जाऊन मासे धरायच्या हातजाळीने त्याला उपसून आणायचं असतं.

ओनकाका आले, ताईचं मनगट धरून डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "थोडी तांदळाची दारू लागेल."

"ख्वानाला की तुम्हाला?" ताईने विचारलं. बऱ्याच दिवसांनी ती असं बोलली, मला बरं वाटलं.

"आधी मला. म्हणजे मला त्याच्याशी बोलता येईल." काका एक घोट प्यायले. "बुआचन, तुझा एक ख्वान जागेवर नाही. कोठाराखाली बसलाय का?"

"नाही."

"मग कुठे? तुला ठाऊक असणार. ज्याचा असतो त्याला ठाऊक असतं."

ताई आपल्या पायांच्या बोटांकडे बघत होती. मग म्हणाली, "नाहिनच्या शेतात."

सोमलितने माझ्याकडे पाहिलं. नाहिनचं शेत म्हणजे टेकडीच्या पायथ्याचा तो तुकडा, जिथे आई गेली. तेव्हापासून तिथे कुणी नांगर घातलेला नाही. गुरंसुद्धा तिकडे जाऊ देत नाहीत.

"त्याला तर पन्नास वर्षं होत आली, ताई," मी म्हटलं.

"तेव्हापासूनच तिथे आहे. एवढे दिवस त्याच्यावाचून चाललं. आता नाही चालत."

काकांनी विचारलं, "जाळीत घालायला त्या वेळचं अंगावरचं काही आहे? ख्वान आपला कपडा ओळखतो."

"काही नाही. पांढरं कापड घ्या. न रंगवलेलं." एवढं म्हणून ती माझ्याकडे वळली. "पुई, तुझं दुपटं होतं ते."

मग तिने सांगितलं. फार लांबवलं नाही. रात्री विमानांतून उजेडासाठी दिवे सोडायचे तेव्हा त्यांना छत्र्या बांधलेल्या असायच्या, पांढऱ्या रेशमी. तशी एक छत्री आईला सापडली होती. आईने तिची माझ्यासाठी दुपटी फाडली. एकेक दुपटं निळीत घालून मगच वापरायचं, असं आईने बजावून ठेवलं होतं. त्या दिवशी आई शेतात रोपं लावत होती. ताई मला घेऊन बांधाजवळ ओढ्याशी बसली होती. मी दुपटं घाण केलं. दुसरं होतं ते अजून न रंगवलेलं. ताईने तेच मला गुंडाळलं, मी तेही ओलं केलं, मग तिने ते धुतलं आणि झुडपावर वाळत टाकलं.

"थोडाच वेळ, म्हटलं. वारा होता. आणि मग आलं ते."

काकांनी दारूचा पेला खाली ठेवला.

"आईने मला दोनदा सांगितलं होतं, पुई, की पांढरं बाहेर काढू नकोस."

मला आधी रडू आलं आणि मग राग आला, आणि राग काढायचा तर समोर कुणी नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोराने मी आलोच नव्हतो म्हणून सांगितलं, आणि दहा वर्षांच्या पोरीने उठून ती फाशी स्वतःच्या गळ्यात घालून घेतली. वर मला कधी कळू दिलं नाही. का, तर दुपटं माझं होतं. मला वाटेल आपल्यामुळे आई गेली, म्हणून ती एकटीच ते घेऊन बसली आणि माझ्या कोंबड्या विकत राहिली.

"अगं, तू दहा वर्षांची होतीस," मी म्हटलं.

"कापड तर पांढरंच होतं ना."

ताईशी वाद घालून जिंकलेलं माणूस या खोऱ्यात नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेवयांचा डबा भरून पथकाच्या तळावर गेले. पथकाची प्रमुख लात्समी ही पलीकडच्या खोऱ्यातली पोर, तिशीची असेल, उन्हाने रापलेली, हसरी.

"मावशी, लाच देताय का?"

"लाच असती तर त्यात म्हशीचं मटण नसतं का घातलं? नुसत्या शेवया आहेत. बस, खा आणि ऐक."

मी सगळं सांगितलं. मला भीती होती की शिकलेली पोर हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "मी मोटारसायकलवरून पडले होते ना, तेव्हा माझ्या आईने वळणावर जाऊन माझा ख्वान उपसला होता. ट्रकवाले भोंगे वाजवत होते आणि आई रस्त्याच्या मधोमध जाळी घेऊन उभी." मग तिने वाडगं बाजूला ठेवलं. "पण नाहिनमध्ये मी कुणाला पाऊल टाकू देणार नाही. तिथे आम्ही खुंट्या रोवल्यात, पुष्कळ. ते शेत साफ करायचं पुढच्या हिवाळ्यात धरलंय."

"पुढच्या हिवाळ्यापर्यंत ताई राहायची नाही."

लात्समीने तळहाताने तोंड पुसलं. "सगळं शेत नाही जमणार. एक वाट काढता येते का बघते. बांधापासून ओढ्यापर्यंत, एका माणसाच्या रुंदीची. वरच्या कचेरीत विचारावं लागेल."

विचारायला वेळ गेला, वाट काढायला त्याहून जास्त. ओढ्याची वाट गावालाही हवीच होती, म्हणून कचेरीने होकार दिला. पण त्या पोरी गुडघ्यांवर बसून भाजीची साल काढावी तशी जमीन खरवडत पुढे सरकायच्या, एखाद्या दिवशी तर खाटेच्या लांबीएवढंसुद्धा पुढे जाणं व्हायचं नाही. इकडे मी ताईला चमच्याने पेज पाजत होते. लहान असताना ती मला भात चावून भरवायची. मी पेज पाजताना म्हटलं, "चावून देऊ का?" तर म्हणाली, "तुझे दात तरी राहिलेत का जागेवर?" पण पेज चार चमच्यांच्या पुढे गेली नाही.

वाट तयार झाल्याचा निरोप आला त्या दिवशी सोमलितने हातट्रॅक्टरच्या गाडीत गवत पसरलं, त्यावर गोधडी टाकली आणि ताईला उचलून बसवलं. आजारी माणसाने घरीच थांबायचं असतं, नातलगांनी ख्वान आणायचा, अशी रीत. ओनकाका तसं म्हणालेही. ताई म्हणाली, "रीत मला शिकवू नका. हिला जागा दाखवणार कोण? ही तेव्हा आडवी पडून अंगठा चोखत होती."

मी जाळीत चिकट भात, उकडलेलं अंडं, केळं ठेवलं आणि वर कापड. बाजारातून आणलेलं कोरं पांढरं कापड, मी त्याचं दुपट्याएवढं फाडून घेतलं होतं. गाडीत ताई त्या कापडाकडे पाठ करून बसली.

शेताच्या बांधावर लात्समी वाट बघत होती. वाटेच्या दोन्ही कडांना दगड मांडले होते. प्रत्येक दगडाची वाटेकडची बाजू पांढरी आणि बाहेरची लाल.

"आजी," ती ताईला म्हणाली, "पांढऱ्या-पांढऱ्याच्या मधून चालायचं. पांढरं म्हणजे निर्धोक. लाल दिसलं की तिकडे पाय नाही."

ताईने तिच्याकडे असं पाहिलं की मला हसू आवरेना. "पोरी, तू उलटं रंगवलंयस."

"नाही आजी, सगळ्या जगात असंच रंगवतात."

"जगाचं मला सांगू नकोस," असं म्हणून ताई बांधावरच बसली. पाऊल टाकेना. ओनकाकांनी मंत्र म्हटला, सोमलितने पाठीवर घेतो म्हणून सांगितलं, मी रागावले. ती त्या पांढऱ्या दगडांकडे बघायची आणि मान फिरवायची. इतकी जवळ येऊन ही अशीच परत जाणार, असं मला वाटायला लागलं.

लात्समी तिच्याशेजारी गवतात बसली. गप्पा मारायच्या म्हणून मारत होती बिचारी, आजीचं मन दुसरीकडे वळावं म्हणून. "त्या लाल खुंट्या दिसतात ना, आजी? ती रांग बघा कशी आहे. इथून शेतातून वर, टेकडीवरून, आणि टेकडीच्या पलीकडे उतरते. पहिला गोळा आम्हाला तिकडेच सापडला, पार पाइनच्या जंगलात. तिथून एका ओळीत पेरत आलंय."

ताईने मान वर केली. "पलीकडून?"

"हो. विमान तिकडून आलं ना."

"तिकडे कोण राहायचं?"

"कुणी नाही. गाव नाही, शेत नाही, गुहासुद्धा नाही. नुसतं जंगल."

ताई खुंट्यांकडे बघत राहिली. एकीमागून एक, शेतातून टेकडीच्या अंगावर चढत गेलेल्या. मग म्हणाली, "वरून त्यांना सगळं दिसतं. टेकडीच्या अलीकडचं आणि पलीकडचं. कापड तिथूनच दिसलं असेल."

"असेलही," लात्समी म्हणाली. "पण त्यांनी सोडायला सुरुवात केली ती पार तिकडे, आणि सोडलेलं खाली पडायला वेळ लागतो. म्हणजे सोडलं तेव्हा विमान त्याहूनही मागे असणार. एवढ्या लांबून एक फडकं? आणि त्या दिवशी ऊन होतं की ढग, तेही बघायला हवं. ढग असले तर काहीच दिसत नाही."

तिची बोटं मांडीवर भाताचा गोळा वळल्यासारखी हलत होती. ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आभाळ होतं, पुई."

"काय?"

"आभाळ भरलेलं होतं. काळंकुट्ट. आई एरवी दिवसा कधी शेतात उतरायची नाही. आज आभाळ आहे, आज ते यायचे नाहीत, असं म्हणून उतरली. टेकडीचा माथासुद्धा दिसत नव्हता." तिने माथ्याकडे बोट केलं. "आम्हाला विमान दिसलंच नाही. नुसता टेकडीपलीकडून आवाज आला."

सोमलित हळूच म्हणाला, "तुम्हाला ते दिसलं नाही, तर त्याला तरी तुम्ही कशा दिसणार, ताई?"

"मग टाकलं कशाला?" हे मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण पथकातल्या दोन पोरींनी वळून पाहिलं.

लात्समी अवघडली. "मला या विमानाचं नाही सांगता येणार, मावशी. पण कधीकधी दुसरीकडे टाकायला न्यायचे, तिथे जमलं नाही की परतताना वाटेत मोकळं करायचे. भरलेलं घेऊन उतरता येत नाही म्हणे. म्हणून मग..."

उष्ट्या ताटातलं खरकटं दाराबाहेर भिरकावतात तसं. कुणावर पडलं हे कुणी वाकून बघतही नाही. माझी आई त्या खरकट्याखाली मेली, आणि मला वाटलं आता ताई कोसळेल. वैऱ्याने नेम धरून मारलं तर निदान आपण कुणीतरी होतो एवढं तरी उरतं.

पण ताईचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी, आणि कपाळावरची ती जन्माची आठी कुठे नव्हतीच.

"म्हणजे मला कुणी पाहिलं नव्हतं," ती म्हणाली. "पुई, मला कुणी पाहिलंच नव्हतं."

मग ती उठली. सोमलितचा हात तिने झटकला. एका पांढऱ्या दगडाला पायाच्या अंगठ्याने शिवून पाहिलं, जसं पाणी गार आहे का बघतात, आणि वाटेवर चालायला लागली. मी जाळी घेऊन तिच्या मागे. मी दर पावलाला "ताई, सावकाश" म्हणत होते, आणि ती मला "तू आपल्या पायाकडे बघ" म्हणत होती.

ओढ्याजवळ ती थांबली. झुडूप आता नव्हतं, त्या जागी गवत. "इथे," म्हणाली.

आता बोलवायचं मला होतं. ओनकाकांनी घरी मला शब्द शिकवले होते, ये ख्वान ये, भात आहे, अंडं आहे, जंगलात राहू नकोस, पाण्यात राहू नकोस, असे. मी जाळी गवतावरून ओढली आणि तोंड उघडलं, पण ते शब्द येईनात. कारण मला एकदम कळलं की इथे जी बसून आहे ती ताई नाही. इथे दहा वर्षांची एक पोर आहे, माझ्या नातीएवढी, आणि इतकी वर्षं ती झुडपाखाली दबून बसली आहे, कारण तिला वाटतं आपल्याला घरी गेल्यावर मार मिळेल. आज मी तिच्या आजीच्या वयाची आहे.

"ये बाळ," मी म्हटलं. "ये. उठ आता. कुणी रागावणार नाही. तू काही केलं नाहीस. तुला कुणी सांगितलं तू केलंस म्हणून? ते आधीच निघालं होतं, तू दुपटं धुवायच्याही आधी. आई रागावलेली नाही. बाळ जगलंय बघ, केवढं झालंय, म्हातारं झालंय. तूच जगवलंस. भात आणलाय, केळं आणलंय. ये, माझ्या जाळीत बस. मी तुला पाठीवर नेते, चालायला नको. तू मला नेलंस ना, आता मी नेते."

मी तीनदा जाळी ओढली आणि त्यावर पांढरं कापड झाकलं. ताई माझ्या मागे उभी राहून रडत होती, मोठ्याने, तोंडावर हात न घेता, लहान मुलं रडतात तशी. मीही रडले. बांधावर ओनकाका नाक शिंकरत होते आणि लात्समीच्या पोरींनी यंत्रं बंद करून ठेवली होती.

घरी आल्यावर सगळ्यांनी ताईच्या मनगटाला दोरे बांधले. पहिला मी बांधला. मी निळीचा रांजण उघडून दोरा बुडवायला गेले, तर ती म्हणाली, "राहू दे. तसाच बांध." ख्वानाला दिलेलं अंडं तिने खाल्लं, केळं खाल्लं, आणि मग सोमलितला म्हणाली की ठेच्यात मीठ कमी आहे. इतक्या आनंदाने शिव्या खाताना मी नवऱ्याला कधी पाहिलं नव्हतं.

तऱ्हा काही एका दिवसात जात नाहीत. चूल अजून ती उजाडायच्या आतच पेटवते. कोंबड्यांचं म्हणाल तर मी अजून पांढरी आणून पाहिलेली नाही, देवाची परीक्षा कशाला घ्या.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानावरून आले तर ताई अंगणात बाज टाकून बसली होती. जाळीतल्या त्या कापडाला केळ्याचा डाग पडला होता, तो तिने धुऊन काढला होता आणि कापड कुंपणावर भर उन्हात वाळत घातलं होतं. स्वतः शेजारी राखण करत बसल्यासारखी.

तेवढ्यात राजधानीहून येणारं दुपारचं विमान टेकडीवरून आलं. ते रोजच येतं, आणि रोज त्या वेळी ताई घरात काहीतरी काम काढते. मी पायऱ्यांशी थांबले. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, ते आमच्या घरावरून जाऊन खाली उतरेपर्यंत पाहिलं. तिचा एक हात कापडाच्या कोपऱ्यावर होता.

"ताई, आत घेऊ का ते?" मी विचारलं.

तिने कोपरा चिमटीत धरून बघितला.

"नको," म्हणाली. "अजून दमट आहे."